जुन्या मोटरहोमचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर उघडून स्मॉग चेक पास करायचा असेल तर

कॅलिफोर्नियात जुनं मोटरहोम हौसेनं घेतलं जातं आणि मग डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी खात्याच्या) नूतनीकरणाच्या कागदावर 'स्मॉग चेक आवश्यक', म्हणजे धुराची तपासणी हवी, ही ओळ दिसते. पेट्रोल गाड्यांपैकी १९७५ पर्यंतच्या मॉडेलना सूट आहे. १९७६ पासून पुढच्या जुन्या गाड्यांना साधारण दर दोन वर्षांनी तपासणी आहे आणि तिच्यात मोटरहोमही येतं. म्हणजे जीएमसीचं १९७६ ते ७८ चं मोटरहोम असो की शेव्हरोलेच्या पी-३० चासीवर बांधलेलं ४५४ इंजिनाचं धूड असो, सुटका नाही. या दोन्हींवर बहुतेक वेळा रॉचेस्टर क्वाड्राजेट हा चार नळकांड्यांचा (बॅरलचा) कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, असतो. हा लेख त्याच्यापुरता आहे. डॉजच्या चासीवरचं ४४० इंजिन असेल तर कार्ब वेगळा निघेल. तेव्हा पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन पायऱ्या तुमच्या कामाच्या, मधलं सोडून द्या.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कार्ब 'सुधारायचा' नाही. कारखान्यातून ज्या मापात निघाला त्या मापात परत आणायचा. मोठे जेट, सैल स्प्रिंग, कुणीतरी सांगितलेली 'ट्रिक', यातलं काहीही मशीनला आवडत नाही.

१. आधी कागद वाचा, पान्हा नंतर

जुना तपासणी अहवाल हातात घ्या. जड मोटरहोमची तपासणी सहसा रोलरवर होत नाही. 'टू-स्पीड आयडल' पद्धतीनं होते, म्हणजे एकदा २५०० आरपीएमला आणि एकदा आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, मंद चालीत). दोन्ही ठिकाणचे एचसी (न जळलेलं पेट्रोल) आणि सीओचे (कार्बन मोनॉक्साइडचे) आकडे आणि तुमच्या गाडीला लागू असलेली मर्यादा अहवालावर छापलेली असते. कार्बमध्ये कुठे बघायचं ते या चार आकड्यांवरून बरंचसं कळतं.

सीओ आयडलला जास्त पण २५०० ला ठीक: मिक्स्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारे), फ्लोटची (कार्बच्या भांड्यात पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) उंची, किंवा गळणारी नीडल-सीट, म्हणजे भांड्यात येणारं पेट्रोल थोपवणारी सुई आणि तिची बैठक.

सीओ २५०० ला जास्त: अडकलेला पॉवर पिस्टन (पायरी ७ बघा), पूर्ण न उघडणारा चोक (थंड इंजिनासाठी हवा रोखणारी पट्टी), पेट्रोल पिऊन जड झालेला फ्लोट, किंवा पेट्रोलनं भिजलेला चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा).

एचसी जास्त आणि सीओ कमी: इथे कार्ब बहुधा निर्दोष असतो. कुठूनतरी हवा आत जातेय, प्लग किंवा वायर मिसिंग करतेय (ठिणगी चुकवतेय), ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा राहिलाय किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) फार पुढे आहे. असा अहवाल असताना कार्ब उघडणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी.

दोन्ही जास्त: मिश्रण इतकं रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) आहे की प्लग काळे पडून मिसिंग होतंय. आधी मिश्रण, मग नवे प्लग.

आणखी एक जागा लोक विसरतात: इंजिन ऑइल. महिनोन्‌महिने रिच चाललेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची वाफ पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणाऱ्या) नळीतून परत कार्बखाली येते. कार्ब नवा केला तरी सीओ उतरत नाही. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बचं काम झाल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

२. लागणारे कागद आणि आकडे

- डीएमव्हीचा नूतनीकरणाचा कागद. त्यावर 'स्टार' स्टेशनची (वेगळी मान्यता असलेल्या तपासणी केंद्राची) अट आहे का तेही बघा.
- मागचा तपासणी अहवाल.
- इंजिनाजवळच्या एमिशन लेबलचा स्पष्ट फोटो. टायमिंग, आयडल स्पीड, व्हॅक्यूम नळ्यांची आकृती, कोणती उपकरणं हवीत, हे सगळं त्यावर असतं.
- कार्बचा क्रमांक. ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भागात उभा कोरलेला असतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचे क्रमांक सहसा १७० ने सुरू होतात.

मोटरहोमच्या बाबतीत इथे एक खास भानगड आहे. चासी एका वर्षी बनते, घर तिच्यावर पुढच्या वर्षी चढतं. नोंदणीवर १९७९ असेल आणि चासी १९७८ ची असेल. सुटे भाग मागवताना घराचं वर्ष सांगू नका, कार्बचा क्रमांक सांगा. मधल्या पन्नास वर्षांत कुणी दुसऱ्याच गाडीचा कार्ब चढवला असेल तर तेही या क्रमांकावरूनच उघडकीला येतं.

३. कार्ब काढण्याआधी तपासायच्या गोष्टी

स्मॉग चेक म्हणजे नुसता धूर नाही, डोळ्यांनी केलेली तपासणीही त्यातच आली. लेबलवर लिहिलेलं एकेक उपकरण जागेवर आणि जोडलेलं हवं. एअर क्लीनरला एक्झॉस्टजवळची गरम हवा आणणारी चांदीसारखी लवचिक नळी असते. ती फाटून पडलेली असते आणि कुणी लक्ष देत नाही. एवढ्याशा नळीपायी गाडी नापास होते.

टायमिंग लेबलवरच्या आकड्याच्या तीन अंशांच्या आत हवं. मोजताना व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून बंद करायची की नाही, ते लेबल सांगतं. ईजीआर व्हॉल्व्हचा पडदा आयडलला वर उचलून बघा, हाताला फडकं गुंडाळून. इंजिन अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर खालची वाट कार्बननं बंद झालेली आहे. या पद्धतीत नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजला जात नाही, म्हणून ईजीआर चालतो का हे वेगळं तपासतात.

पेट्रोलच्या टाकीचं झाकणही तपासतात. त्याचं रबर कडक झालं असेल तर नवं घ्या.

४. सुट्या भागांची यादी

- क्रमांकानुसार रीबिल्ड किट. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं रबर इथेनॉलला टिकणारं आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं.
- नवा फ्लोट. बहुतेक किटमध्ये नसतो, वेगळा मागवा.
- इनलेट फिल्टर, त्याची स्प्रिंग आणि नटाचं वॉशर.
- कार्बखालचं गॅस्केट. जुन्यावर नवं ठेवून एकेक भोक जुळतंय का बघा. चुकीच्या गॅस्केटनं मॅनिफोल्डची खाच उघडी पडते आणि हवा आत ओढली जाते.
- पेट्रोलची आणि व्हॅक्यूमची नवी नळी, मापाप्रमाणे.
- १ इंचाचा पान्हा, ५/८ इंचाचा फ्लेअर-नट पान्हा, बारीक पंच, ३/३२ इंचाची अ‍ॅलन की, पोलादी पट्टी, हाताचा व्हॅक्यूम पंप, टॅकोमीटर, टायमिंग लाइट.
- बी वर्गाच्या आगीला चालणारं अग्निशामक. हे यादीत शेवटी आलं तरी गाडीत सगळ्यांत आधी ठेवा.

५. घर आधी विझवा

साध्या गाडीत बॉनेट उघडतो, वाफ बाहेर जाते. मोटरहोममध्ये इंजिनाचं झाकण दोन सीटच्या मध्ये किंवा जमिनीत असतं, म्हणजे तुम्ही पेट्रोल उघडताय ते राहत्या खोलीत. तिथेच दहा फुटांवर फ्रीज गॅसवर चालू असतो आणि त्याच्या मागे बारीक निळी ज्योत जळत असते.

एलपीजीची टाकी मुख्य व्हॉल्व्हवर बंद करा. फ्रीज, वॉटर हीटर, भट्टी, शेगडीचे पायलट विझलेत हे डोळ्यांनी बघा. जनरेटर बंद. घराच्या बॅटरीचा आणि इंजिनाच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा. खिडक्या-दारं उघडी. त्यानंतरच पेट्रोलच्या नटाला पान्हा लावा.

६. कार्ब उतरवणं

प्रत्येक नळी काढण्याआधी फोटो आणि चिकटपट्टीवर क्रमांक. पेट्रोलच्या नळीला नेहमी दोन पान्हे: १ इंचाचा मोठा नट धरून ठेवायचा आणि ५/८ चा फिरवायचा. एकाच पान्ह्यानं ओढलं तर मोठा नट सोबत फिरतो आणि कार्बच्या मऊ धातूचे आटे जातात. क्वाड्राजेट कायमचा भंगारात जायची सगळ्यांत सामान्य वाट हीच.

चार बोल्ट असतात, पुढचे दोन लांब, मागचे दोन आखूड. कार्ब उचलला की मॅनिफोल्डच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा. आत पडलेला एक स्क्रू हेड उघडायला लावतो.

७. उघडणं

मोठ्या ट्रेमध्ये काम करा. क्रम असा:

वरचा छोटा स्क्रू काढून सेकंडरी (मागच्या दोन नळकांड्यांचे) रॉड त्यांच्या हँगरसकट उचला. हँगरवर एक अक्षर असतं, लिहून ठेवा. पंपाच्या लिव्हरची पिन पंचनं आतल्या बाजूला फक्त लिव्हर सुटेल इतकीच सरकवा. पूर्ण ठोकली तर परत आणता येत नाही. चोकची दांडी सोडवा. एअर हॉर्नचे (कार्बच्या वरच्या झाकणाचे) नऊ स्क्रू काढा. त्यातले दोन पुढच्या नळकांड्यांजवळ खोलगट जागेत दडलेले असतात. ते विसरून झाकण पेचकसानं उचकटलं की ते वाकतं.

झाकण सरळ वर उचला, तिरकं नाही. त्याला खाली लोंबणाऱ्या बारीक पितळी नळ्या असतात, त्या वाकल्या की मिश्रण बिघडतं.

आता पॉवर पिस्टन. तुमचा सीओ २५०० ला जास्त असेल तर इथे थांबून नीट बघा. हा छोटा पिस्टन आयडलला आणि हलक्या चालीत व्हॅक्यूमनं खाली खेचलेला असतो. त्याला टांगलेले दोन बारीक रॉड तेव्हा जेटमध्ये खोल बसतात आणि पेट्रोल आवरतात. चढावर व्हॅक्यूम पडला की स्प्रिंग त्याला वर ढकलते, रॉडचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि मिश्रण रिच होतं. तपासणीच्या वेळी गाडी उभी आहे, भार नाही, म्हणजे पिस्टन खालीच असायला हवा. पण वर्षानुवर्षांच्या चिकट थरानं तो वरच अडकला तर इंजिनाला वाटतं आपण घाट चढतोय. बोटानं हलका दाबून सोडा. टुणकन वर उडायला हवा. रेंगाळला तर गुन्हेगार सापडला. काढताना दाबून दाबून सोडत राहायचं, शेवटी तो आपणहून रिटेनर सोडून वर येतो. पक्कड लावू नका.

जेटवरचा आणि रॉडवरचा आकडा टिपून घ्या. जेटवर ७२ असेल तर भोक ०.०७२ इंचाचं. दोन्ही जेट एकसारखे आहेत ना तेही बघा. पूर्वीच्या कुणीतरी एक बदललेला असतो.

फ्लोटवरचा प्लॅस्टिकचा ठोकळा, मग फ्लोट आणि नीडल काढा. पंपाच्या स्क्रूखालची गोळी मुख्य भाग ट्रेवर उलटा करून हातात घ्या, नाहीतर ती गवतात जाते.

मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी आत हलकेच टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहा. १९८० च्या आसपासपासून पुढच्या कार्बमध्ये ते पोलादी प्लगमागे बंद असतात. ते प्लग सावकाश काढावे लागतात आणि काम झाल्यावर परत झाकावे लागतात.

८. धुणं आणि तपासणं

रबर, प्लॅस्टिक, व्हॅक्यूम ब्रेकचे (इंजिन सुरू होताच चोक थोडा उघडणारे) डबे, चोकची कॉइल, इलेक्ट्रिक भाग हे काहीही द्रावणात बुडवायचं नाही. धातूचे भाग अर्धा-एक तास पुरे. रात्रभर ठेवले तर धातूवरचा सोनेरी संरक्षक थर जातो. मग गरम पाण्यानं धुऊन प्रत्येक वाटेत दाबाची हवा मारा. हवा एका तोंडातून घातली की दुसऱ्यातून बाहेर येताना बोटाला लागली पाहिजे. जेटमध्ये तार घालू नका. भोक एक हजारांश इंचानं वाढलं तरी ते पुढच्या क्रमांकाचं जेट झालं.

थ्रॉटलचा शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघा. पुढच्या शाफ्टची भोकं झिजतात. खडखड जाणवली तर तिथून हवा आत जाते आणि आयडल काही केल्या स्थिर होत नाही. त्याला पितळी बुश बसवावे लागतात. ते रीमर आणि सरळ हात असणाऱ्याकडून करून घेतलेलं बरं.

मुख्य भागाच्या तळाचे प्लगही कधीकधी पाझरतात. भांड्यात द्रव भरून कोरड्या कागदावर तासभर ठेवा. डाग पडला तर तो भाग खरवडून पेट्रोलला टिकणारं दोन भागांचं इपॉक्सी लावा.

व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्याला हातपंपानं व्हॅक्यूम द्या. काटा खाली सरकत असेल तर पडदा फाटला, डबा बदला.

९. फ्लोट

जुना काळा फ्लोट बंद पेशींच्या फेसासारख्या पदार्थाचा असतो. तो पेट्रोल शोषतो, जड होतो, खोल बुडतो आणि भांड्यातली पातळी वाढते. नखानं दाबून किंवा डोळ्यांनी हे कळत नाही, म्हणून नवाच टाका.

उंची मोजताना गॅस्केट काढलेलं असावं. फ्लोटची दांडी मागे जागेवर दाबून धरा आणि नीडलवर टेकेल इतपतच हलका दाब द्या. मोजायची जागा म्हणजे फ्लोटच्या पुढच्या टोकापासून ३/१६ इंच मागे. भांड्याच्या काठापासून फ्लोटच्या माथ्यापर्यंत. आकडा तुमच्या कार्बच्या क्रमांकासमोर किटच्या कागदावर असतो. दांडी वाकवायची तर फ्लोट बाहेर काढून. आत असताना वाकवली तर नीडलचं टोक दबतं आणि ते मग आयुष्यभर गळतं.

नीडलची तारेची क्लिप फ्लोटच्या दांडीच्या कडेवर अडकवायची. दांडीला भोकं दिसतात आणि क्लिप त्यात घालायचा मोह होतो. तसं केलं की फ्लोट अडकतो आणि वरून पेट्रोल वाहतं.

१०. जोडणं

पंपाचं रबर पेट्रोलमध्ये भिजवून बसवा. गॅस्केट पॉवर पिस्टनच्या हँगरखालून सरकवून बसवावं लागतं, घाई केली तर फाटतं. झाकण ठेवताना पंप दाबून धरा, पितळी नळ्या गॅस्केटच्या भोकांतून गेल्या का ते बाजूनं वाकून बघा. नऊ स्क्रू मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. आधी ते दोन लपलेले.

इनलेट फिल्टरचं उघडं तोंड नटाकडे.

बोल्ट आवळताना पुढच्या दोन लांब बोल्टवर जोर काढू नका. ते झाकणातूनच जातात, म्हणून जास्त आवळले की झाकण वाकून गॅस्केटमधून हवा सुटते. १२ फूट-पाउंड पुरे. मागचे आखूडही तेवढेच.

सेकंडरीच्या एअर व्हॉल्व्हची स्प्रिंग, तीच जिला ३/३२ ची अ‍ॅलन लागते, किटच्या कागदाप्रमाणे ठेवा. तपासणीत मागची दोन नळकांडी उघडतच नाहीत, तेव्हा तिथे कसरती करून पास होण्याशी काही संबंध नाही.

११. पहिली सुरुवात आणि जुळवणी

रिकाम्या भांड्यासाठी मिनिटभर स्टार्टर दळू नका. झाकणावरच्या व्हेंटच्या नळीतून छोट्या चंचूच्या बाटलीनं पेट्रोल ओता, एअर क्लीनर बसवा आणि मग सुरू करा. सुरू होताच नळीचा नट आणि गॅस्केट टॉर्चनं तपासा. पेट्रोल व्हेंटमधून वाहू लागलं तर बंद करा. बहुतेकदा नीडलखाली कचरा असतो. तो नसेल तर मागच्या मालकानं बसवलेला इलेक्ट्रिक पंप बघा. सहा-सात पीएसआयच्या वरचा दाब ही नीडल थोपवू शकत नाही.

इंजिन पूर्ण गरम, चोकची पट्टी अगदी उभी, एसी बंद. मिक्स्चर स्क्रू टिपलेल्या फेऱ्यांवर ठेवून सुरुवात करा. टॅकोमीटरवर सर्वात जास्त आरपीएम मिळेपर्यंत दोन्ही सारखे फिरवा, आयडल लेबलच्या आकड्यावर आणा, मग दोन्ही समान थोडेथोडे आत घेत आरपीएम किंचित उतरवा. किती उतरवायचं ते लेबलवर असेल तर तेच पाळा. एअर पंप असेल तर जुळवताना तो लेबलप्रमाणे वेगळा करा. लेबल 'ड्राइव्हमध्ये' म्हणत असेल तर चाकांना ठोकळे आणि ब्रेकवर दुसरा माणूस. या गाड्यांच्या पार्किंग ब्रेकवर विश्वास टाकू नये. जमल्यास एक्झॉस्ट गॅस अ‍ॅनालायझर असलेल्या मेकॅनिककडे अर्ध्या तासाची जुळवणी करून घ्या. कानानं जुळवलेलं मिश्रण बहुधा गोड वाटतं आणि रिच निघतं.

१२. तपासणीचा दिवस

आधी फोन करा. उंची, लांबी, वजन सांगा आणि टू-स्पीड करतात का विचारा. सगळ्या स्टेशनांच्या शेडमध्ये मोटरहोम मावत नाही. आधी प्री-टेस्ट मागा. आकडे मर्यादेपेक्षा फारच वर असतील तर अधिकृत तपासणीत गाडीवर 'ग्रॉस पोल्युटर'चा (अति प्रदूषकाचा) शिक्का बसतो, प्री-टेस्टमध्ये बसत नाही.

टाकीत ताजं पेट्रोल, पण काठोकाठ नको, कॅनिस्टर भिजतो. वीसेक मिनिटं हायवेवर चालवून थेट पोहोचा आणि रांगेत असताना इंजिन बंद करू नका. इंजिनाच्या झाकणावरचं सामान आणि गालिचा आधीच काढून ठेवा. सायलेन्सरला भोक असेल तर आधी बुजवा, नळीत हवा मिसळली की मशीन नमुना पातळ म्हणून नाकारतं.

दुसरा कार्ब बसवायचा विचार असेल तर त्याच्यावर तुमच्या इंजिनासाठी एआरबीचा (कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक हवा. नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला तरी दृश्य तपासणीत नापास. मूळ एमिशनचा एखादा भाग बाजारात मिळतच नसेल तर स्मॉग चेक रेफरीकडे (अडलेली प्रकरणं बघणाऱ्या अधिकृत केंद्राकडे) वेळ घ्या. भाग मिळत नसल्याची कागदपत्रं नेली तर मर्यादित सवलत देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. दुरुस्तीचा खर्च झेपत नसेल तर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या ग्राहक सहाय्य योजनेत अर्ज करता येतो. पण अर्ज दुरुस्तीच्या आधी करायचा, आधी खर्च केलेल्याची भरपाई तिथे मिळत नाही.

पास झाल्यावर प्रमाणपत्र स्टेशनकडून संगणकावरून थेट डीएमव्हीला जातं. छापील अहवाल मात्र स्वतःकडे ठेवा आणि त्यावर फ्लोटची उंची, जेटचे आकडे आणि मिक्स्चर स्क्रूचे फेरे पेन्सिलीनं लिहून इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाकिटात चिकटवा.